"हे सारखे चाळीतच असतात, मॅडम"

"मॅडम, यांना डिमेन्शिया वगैरे तर नाही ना होत?" हा प्रश्न समुपदेशक म्हणून गेल्या काही वर्षांत मी इतक्या जणांकडून ऐकलाय की आता वाक्य अर्धं झालं की पुढचं मला कळतं. नवरा किंवा बायको पन्नाशीच्या आसपासची असते. दिवसभर शाळेच्या नाहीतर गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. लगोरी, डबा ऐसपैस, तासावर भाड्याने मिळणारी सायकल, दिवाळीचा किल्ला, एस्टीचा लाल डबा, रावळगावच्या गोळ्या. घरातली मुलं म्हणतात, बाबा ही स्टोरी झाली सांगून. काही जण स्वतःच येतात आणि जरा ओशाळून विचारतात, मला आताचं काहीच आवडत नाही, सारखं लहानपण आठवतं, हे नॉर्मल आहे का?

आधी भीतीचं बघू. नुसत्या जुन्या गोष्टी सांगणं हे डिमेन्शियाचं लक्षण नाही. अल्झायमर्समध्ये साधारणपणे आधी ताजं विसरायला होतं आणि जुनं बऱ्याच उशिरापर्यंत टिकतं, त्यामुळे लक्ष ठेवायचं ते आजच्या गोष्टींवर. दहा मिनिटांत तोच प्रश्न परत विचारतात का, रोजचा रस्ता चुकतात का, लाइट बिल भरणं किंवा दुकानात सुटे पैसे मोजणं जमेनासं झालंय का. असं काही असेल तर न्यूरोलॉजिस्टकडे जा, माझ्याकडे वेळ घालवू नका. आणि तसं काही नसेल, माणूस बँकेचे व्यवहार बघतोय, भाच्याच्या लग्नाची तारीख लक्षात आहे आणि तरी रोज 1980 मध्ये फिरून येतोय, तर तो विषय मेंदूच्या आजाराचा नाही. पन्नाशीत मागे वळून बघितलं की दहा ते तीस या वयातल्या आठवणी सगळ्यात जास्त गर्दी करतात हे तर मानसशास्त्रात कधीचं दिसून आलंय.

आता बंडूभाऊ. खरं नाव अर्थातच हे नाही, ओळखू येतील असे तपशीलही बदललेत.

वय 53, राहायला बदलापूर, लहानपण गेलं लालबागच्या चाळीत. आता तिथे टॉवर आहे. चाळीतल्या पोरांचा ग्रुप आहे आणि हे त्याचे ॲडमिन, पहाटे पाचला पहिला मेसेज यांचा. बायको एका शाळेच्या ऑफिसात नोकरी करते, तीच घेऊन आली होती. म्हणाली, जेवताना चाळ, झोपताना चाळ, माझ्या माहेरच्यांसमोर चाळ, हे सारखे चाळीतच असतात मॅडम, आमच्यात नसतातच. मुलगा बारावीला, तो बापासमोर बसायचंच टाळतो.

हे सगळं कधीपासून असं विचारल्यावर दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मग बाईच म्हणाली, साधारण वर्षभर. वर्षभरापूर्वी काय झालं? कंपनीने एका दुपारी केबिनमध्ये बोलावून हिशोब हातात दिला होता. बंडूभाऊ लगेच म्हणाले, "त्याचं काही नाही हो, पैसे बऱ्यापैकी मिळाले. मी मजेत आहे."

मजेत असलेला माणूस दूधवाल्याने बेल वाजवली तरी दार उघडायला उठत नव्हता. सकाळी अकरा वाजता आपण घरी आहोत हे सोसायटीत कुणाला कळायला नको म्हणून.

इथे बरेच जण चटकन सल्ला देतात, भूतकाळात रमू नका, वर्तमानात जगा, मोबाईल कमी करा. मी देत नाही. 1688 मध्ये योहानेस होफर नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने बासेलला या ओढीवर, म्हणजे नॉस्टॅल्जियावर, प्रबंध लिहिला तेव्हा तो तिला चक्क रोगच समजत होता, घरापासून लांब गेलेल्या स्विस लोकांचा. आज कुणी तसं मानत नाही. इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टन विद्यापीठात सेडिकिडीस आणि वाइल्डशूट यांनी यावर बरंच काम केलंय, त्यात दिसतं की माणूस एकटा पडला किंवा मनाने खचला की जुन्या आठवणी जास्त येतात, आणि त्या आल्यावर त्याला आपण कुणाचे तरी आहोत असं वाटून थोडं बरंही वाटतं. म्हणजे आठवण हे मनाने स्वतःच शोधलेलं औषध आहे, ते काढून घेऊन काय करणार? मला जास्त इंटरेस्ट असतो तो दुसऱ्याच गोष्टीत. माणूस आठवणीत काय सांगतोय ते ऐकायचंच, पण काय वगळतोय तेही बघायचं.

म्हणून मी त्यांना चाळ सांगू दिली, भरपूर. आणि माणूस सांगतो सुंदर, खोटं कशाला बोलू. पहाटे नळाला लागलेली कळशांची रांग, मिलचा भोंगा झाला की घड्याळ लावणारे लोक, एका खोलीतल्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीसमोर दारापर्यंत बसलेली पोरं, पुढच्याचं डोकं मध्ये आलं म्हणून मारामाऱ्या. आणि क्रिकेट तर विचारूच नका! 1979 ला ओव्हलवर गावसकरने 221 केले, ती कॉमेंट्री शेजारच्यांच्या रेडिओला कान लावून ऐकली, तेव्हा हे सात वर्षांचे, पण सांगताना डोळे चमकत होते.

मला क्रिकेटमधलं फार कळत नाही. पण इतकं कळतं की सात वर्षांचा असताना 221 धावा लक्षात ठेवणारा मुलगा अकरा वर्षांचा असताना काय लक्षात ठेवेल. आणि इतक्या गप्पांमध्ये त्यांनी तो विषय एकदाही काढला नव्हता. मी विचारलं,

"83 चा वर्ल्ड कप कुठे बघितलात?"

"नाही आठवत."

"फायनल? सगळी चाळ जागी असेल ना?"

"असेल. मला नाही आठवत, मॅडम."

नंतर मी माझ्या वहीत मागे जाऊन बघितलं. ग्रुपमधली त्यांच्या वयाची पोरं 1987 च्या रविवार सकाळच्या रामायणाबद्दल बोलायची, हे नाही. आठवी नाही, नववी नाही, कॉलेज नाही. एवढ्या गोष्टींत वडीलही फक्त एका ठिकाणी येत होते, बोनसच्या दिवशी पेढ्यांचा बॉक्स आणणारे. पुढच्या वेळी मी त्यांना इतकंच म्हणाले, "बंडूभाऊ, तुमची चाळ 1981 ला संपते."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. या कामात कुठे गप्प बसायचं हे मला आता बऱ्यापैकी जमतं.

18 जानेवारी 1982 ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांचा. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही, नुसता विरत गेला, आणि त्याच्याबरोबर गिरणगावही. बंडूभाऊंचे वडील, आप्पा, साचेखात्यात होते, म्हणजे कापड विणायच्या मागांवर. संपात घरी बसले. सुरुवातीला सभा, मोर्चे, मग तेही नाही. आईने डबे करायला घेतले, मार्केटमधल्या पोरांचे. उद्याच्या डब्यांचे कांदे आप्पा रात्री चिरायचे, दार आतून लावून. साचे चालवणारा माणूस कांदे चिरतो हे गॅलरीत कुणाला दिसायला नको म्हणून.

25 जून 1983, फायनलची रात्र. टीव्ही ज्यांच्याकडे होता ते संप मोडून कामावर परत गेले होते, त्यामुळे त्या घरात पाऊल टाकायचं नाही असं आप्पांनी बजावलेलं. बाहेर आरडाओरडा चाललेला. पोरं बोलवायला आली, दार ढकललं, कडी नीट लागली नव्हती ते उघडलं. आत आप्पा लुंगीवर, पुढ्यात परात, डोळ्यातून पाणी. पोरं हसली. कांद्याला हसली की आप्पांना, कोण जाणे. आणि हा अकरा वर्षांचा मुलगा त्या सगळ्यांसमोर बापावर ओरडला, "बायकांसारखे काय बसलाय!"

"आप्पा काय म्हणाले?"

"काही नाही. उठून दार लावलं. परत बसले."

हे सांगायला त्यांना चाळीस वर्षं लागली. बायकोलाही माहीत नव्हतं.

मी ज्या विचारांत तयार झाले ते अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचे, आपल्याकडे कि. मो. फडके सरांनी मराठीत आणले ते. त्यातलं मला पटलेलं सार एवढंच की घटना आपल्याला जितकी छळते त्याहून जास्त आपण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष छळतो. बंडूभाऊंनी त्या रात्री एक निष्कर्ष काढला होता: घरी बसलेला पुरुष म्हणजे संपलेला पुरुष. तो निष्कर्ष चाळीस वर्षं गप पडून होता कारण हे कामावर जात होते. नोकरी गेली आणि तो उठून बसला. आता आप्पांच्या जागी हे, आणि दाराशी त्यांचा बारावीतला मुलगा. मग माणूस पळेल कुठे? जिथे भोंगा होतोय आणि बाप कामावर जातोय, तिथेच ना.

ही गोष्ट आधी माझ्या लक्षात आली, पण सांगून उपयोग नसतो, त्यांच्या तोंडून यावी लागते. मी फक्त विचारलं, "मग आप्पा संपले होते का हो?"

"म्हणजे?"

"त्या काळात दिवसभर काय करायचे?"

"काही नाही... माझा अभ्यास घ्यायचे. पाढे. त्याआधी मी कितवीत आहे हेही त्यांना माहीत नसायचं." थांबले. "आईला परात उचलू द्यायचे नाहीत. पाणी तेच भरायचे. मी दहावी झालो ते... आप्पा घरी होते म्हणून झालो मी."

मग रडले, चांगले मोकळे रडले. आणि मला मनातून बरं वाटलं, लपवत नाही. हा युक्तिवाद मी समोर मांडला असता तर त्यांनी तो नम्रपणे परत केला असता, स्वतःच्या तोंडून आला म्हणून आत गेला.

त्यांनी गावी आईला फोन करून तो प्रसंग विचारला. तिला आठवतच नव्हता! तिला आठवत होतं ते कोणत्या पोराने दोन महिन्यांचे डब्याचे पैसे बुडवले, नावासकट. मग एका रात्री त्यांनी हे ग्रुपवर लिहिलं, कांद्यासकट. एरवी गुड मॉर्निंगची फुलं टाकणारे लोक लिहायला लागले, कुणाचे वडील ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून लांब जाऊन भाजी विकायचे, कुणाच्या आईचं डोरलं सोनाराकडे गेलं ते आलंच नाही. ते वाचून मुलाने पहिल्यांदाच स्वतःहून विचारलं, बाबा, मग पुढे काय झालं? आता बंडूभाऊ ओळखीच्या एकाकडे अर्धा दिवस अकाउंट्सचं काम बघतात आणि संध्याकाळचा स्वयंपाक करतात. कांदा जाड चिरतात अशी बायकोची तक्रार आहे. चाळ अजूनही सांगतात, पण आता त्यात 83 पण असतं.

प्रत्येकाच्या मागे गिरणीचा संपच असतो असं नाही. कुणाचे आईवडील नुकतेच गेलेले असतात, कुणाची मुलगी शिकायला बाहेरगावी गेलेली असते, कुणाला पहिला स्टेंट पडलेला असतो. म्हणून घरच्यांनी एक करा, हे कशामुळे, कधीपासून वाढलंय ते आठवून बघा, बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं. ग्रुप सोडायला लावू नका. "झालं तुमचं सुरू" म्हणण्याऐवजी एखादा प्रश्न विचारा, तेव्हा घरात कोण कोण होतं, तुला कशाची लाज वाटायची, मार कधी खाल्ला. मात्र माणूस अडखळला तर तिथे उकरत बसू नका, काहींच्या लहानपणात अशा गोष्टी असतात ज्या चार पाहुण्यांसमोर निघता कामा नयेत, त्या जाणकार माणसासमोरच निघालेल्या बऱ्या.

आणि सांगणाऱ्यांना माझी विनंती, "आमच्या वेळी असं नव्हतं" हे वाक्य तेवढं गाळा. मुलांना गोष्टीचा कंटाळा नसतो, तुलनेचा असतो. तुम्ही गोट्यांत कसे जिंकलात यापेक्षा तुम्ही कसे फजीत पावलात हे ती जास्त मन लावून ऐकतात.

वाट बघत थांबायचं कधी नाही ते पण सांगते. आठवणींबरोबर झोप उडाली, जेवण कमी झालं, कशातच मन लागेना आणि असं दोन आठवड्यांच्या वर चाललंय तर ते नुसतं आठवणीत रमणं नाही, डिप्रेशन असू शकतं, सायकियाट्रिस्टला दाखवा. "तेव्हाच सगळं संपलं असतं तर बरं झालं असतं" असलं काही कानावर आलं तर त्याच दिवशी हालचाल करा. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, 14416, फुकट आहे, रात्रीबेरात्री लागते आणि मराठीत बोलता येतं.