पुदिन्याचं पान सगळ्यात शेवटी

उन्हाळा लागला की प्रश्नांच्या गठ्ठ्यात निम्मे पुदिन्याचे असतात. त्यातले काही आज घेतले आहेत.

प्रश्न : पुदिन्याची चटणी करते तेव्हा छान हिरवी असते, तासाभरात काळपट होते. लिंबू पिळूनही फरक पडत नाही. सँडविचवाल्याची चटणी दिवसभर हिरवी कशी राहते? (डोंबिवली)

पान फाटलं की त्यातलं एक एन्झाइम हवेतल्या ऑक्सिजनशी गाठ पडताच कामाला लागतं आणि पान काळं पाडतं. कापलेलं वांगं काळं पडतं, तेच हे. त्यात मिक्सरचं भांडं गरम झालं की काम आणखी वेगात होतं. म्हणून वाटताना साध्या पाण्याऐवजी तीन-चार बर्फाचे खडे घाला, आणि मिक्सर सलग न चालवता थांबून थांबून फिरवा. मिरची, आलं, मीठ, डाळं आधी बारीक करून घ्या. पानं सगळ्यात शेवटी. बहुतेक जण सगळं एकदम भांड्यात कोंबतात आणि मिरची वाटली जाईपर्यंत पुदिन्याचा जीव जातो.

आता लिंबाचं. आंबटपणामुळे ते एन्झाइम मंदावतं, म्हणून लिंबू हवंच, पण ते पानांबरोबर मिक्सरमध्येच जायला हवं. चटणी काळवंडल्यावर वरून पिळून उपयोग नाही. मात्र याच आंबटपणामुळे पानातलं हिरवं द्रव्य हळूहळू बदलतं आणि दुसऱ्या दिवशी चटणी शेवाळी दिसते. त्यामुळे आधी ठरवा, चटणी आज संपवायची आहे की ठेवायची आहे. आज संपणार असेल तर कच्ची पानं आणि लिंबू. दोन-तीन दिवस ठेवायची असेल तर पानं उकळत्या पाण्यात जेमतेम दहा-पंधरा सेकंद बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका, पिळून घ्या आणि लिंबाशिवाय वाटून फ्रीजमध्ये ठेवा. लिंबू वाढताना पिळा. उकळत्या पाण्याने ते एन्झाइम मरतं. वासही थोडा जातो, ते मात्र खरं.

सँडविचवाल्याकडे पुदिन्यापेक्षा कोथिंबीर बरीच जास्त असते. घरीही दोन वाट्या कोथिंबिरीला एक वाटी पुदिना पुरे. डाळ्यामुळे चटणीला पाणी सुटत नाही, पाव भिजत नाही. त्याच्या चटणीत रंग असतो का, हा प्रश्न त्यालाच विचारा.

प्रश्न : लग्नातल्या पंगतीसारखा मठ्ठा घरी जमत नाही. पुदिना घातला की कडवट लागतो. (सांगली)

पुदिना मिक्सरमधून काढून ताकात ओतत असाल. तसंच असणार! पान पार बारीक झालं की त्यातला तुरट-कडू रस उतरतो. पाठोपाठ देठही गेले असतील तर विचारायलाच नको. कोथिंबिरीचे कोवळे देठ चटणीत चवदार लागतात, पुदिन्याचे नाही. पानं खुडूनच घ्यायची.

लिटरभर ताकाला दहा-बारा पानं घ्या. खलबत्त्यात आल्याचा तुकडा, अर्धी हिरवी मिरची आणि पादेलोण आधी ठेचा, मग पानं घालून दोन-चारच ठोके द्या. पान चेंदलं पाहिजे, त्याचा लगदा व्हायला नको. हे ताकात घालून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा आणि गाळून घ्या. जिऱ्याची पूड आणि चिरलेली कोथिंबीर त्यानंतर. ताक मुळातच आंबट असेल तर पुदिन्याने ते सुधारत नाही, उलट दोन्ही एकमेकांवर कुरघोडी करतात.

प्रश्न : बिर्याणीत पुदिना भरपूर घालतो, पण दम झाल्यावर काळी चिंधी उरते. (औरंगाबादहून पुण्यात आलेले वाचक)

दमात हिरवा रंग टिकणार नाही. दह्याचा आंबटपणा आणि वाफ मिळून तो घालवतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. तिथे पुदिना वासासाठी असतो. चिरलेला मुरवणात घाला, अख्खी पानं भाताच्या थरांमध्ये, आणि मूठभर झाकण उघडल्यावर वरून. डोळ्यांना दिसतो तो हा शेवटचा.

प्रश्न : इथल्या दुकानातून पुदिन्याचं रोप आणलं. चटणीला टूथपेस्टचा वास येतो! (लंडन)

तुम्ही पेपरमिंट आणलंत. आपला भाजीवाल्याकडचा पुदिना बहुधा स्पिअरमिंट असतो. त्याचा वास कार्व्होन नावाच्या घटकाचा, तर पेपरमिंटमध्ये मेंथॉलचा जोर. मेंथॉलच्या गारव्यापुढे मिरची, मीठ काहीच टिकत नाही. पुढच्या वेळी पान देठाजवळ बघा. स्पिअरमिंटचं पान जवळजवळ थेट फांदीला चिकटलेलं आणि सुरकुतलेलं असतं. पेपरमिंटच्या पानाला छोटा देठ असतो आणि फांदी बऱ्याचदा जांभळट. आणलेलं रोप टाकू नका, त्याचा कोरा चहा उत्तम होतो. (उत्तर प्रदेशात बाराबंकीकडे ‘मेंथा’ची शेती होते, ती तिसरीच जात. तिचं तेल काढतात, चटणी नाही.)

प्रश्न : कुंडीत पुदिना इतका माजलाय की काय करावं कळत नाही. वाळवून ठेवला तर चालेल? (नाशिक)

चालेल की. सावलीत तीन-चार दिवस, पान चुरचुरीत होईपर्यंत. ऊन दाखवू नका. चटणीत वाळवलेला पुदिना मला आवडत नाही, गवतासारखा लागतो. पण इराणी लोक त्याचं जे करतात ते करून बघा. तिथे वाळका पुदिना गरम तेलातुपात क्षणभर परतून घट्ट सूपवर, म्हणजे ‘आश’वर, आणि वांग्याच्या पदार्थांवर ओततात. आपल्या दह्यातल्या वांग्याच्या भरितावर हे इतकं शोभतं की मी हल्ली मोहरीची फोडणी देतच नाही. दोन चमचे तूप तापवा, गॅस बंद करा, मग चमचाभर चुरा घाला आणि लगेच भरितावर ओता. गॅस चालू ठेवलात तर पाच सेकंदांत कडू जळका वास.

ताजा ठेवायचा असेल तर जुडी निवडून, कोरडी करून, सुती कापडात गुंडाळून फ्रीजमध्ये. ओली ठेवाल तर दोन दिवसांत चिखल.

प्रश्न : दुधाच्या चहात पुदिना चालतो का? (ठाणे)

मुंबईच्या पारशी घरांत गवती चहा आणि पुदिना घातलेला दुधाचा चहा रोजचाच आहे. गवती चहा पाण्यात चांगला उकळू द्या, पुदिन्याची चार-पाच पानं शेवटच्या मिनिटाला टाका, मग दूध. त्या दिवशी आलं-वेलदोड्याला सुट्टी.