काउझच्या शिडाच्या होड्यांच्या शर्यती पाहायला कधी जावं?

एकच खेप जमणार असेल तर ऑगस्टच्या सुरुवातीचा 'काउझ वीक' गाठा. इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावरच्या या छोट्या गावात १८२६ पासून ही परंपरा आहे. साउथॅम्प्टनहून जलद बोटीने अर्ध्या तासात पोहोचता येतं.

तिकीट लागत नाही. रॉयल यॉट स्क्वाड्रन या नौकानयन क्लबच्या किल्ल्याजवळ किनाऱ्यावर उभे राहा. पितळी तोफ धडाडते आणि शिडांचा थवा अगदी समोरून सुटतो! सोलंटच्या सामुद्रधुनीत भरती-ओहोटीचा प्रवाह इतका जोरकस की वाऱ्याइतकाच त्याचाही अंदाज घ्यावा लागतो. किनाऱ्यालगत ओढ कमी, म्हणून होड्या कधीकधी हाकेच्या अंतरावर येतात. मला हेच सर्वांत आवडतं.

तिथल्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला जात असाल, तर बेटाला प्रदक्षिणा घालणारी सुमारे ५० सागरी मैलांची एकदिवसीय शर्यतही बघा.