थ्रीडी लोगो: आधी उजेड कुठून येतो ते ठरव

तुझा प्रश्न थोडक्यात असा: आई घरी चटण्या-मसाले करते, पाकिटावर आणि दुकानाच्या फ्लेक्सवर 'खमंग' हे नाव सोनेरी, उठावदार अक्षरांत हवंय. गिंप हे चित्रं संपादित करायचं फुकट सॉफ्टवेअर वापरतोयस, तीन-चार व्हिडिओ बघून सगळे इफेक्ट लावलेस, तरी अक्षरं 'चिकटवलेल्या स्टिकरसारखी' दिसतात.

तू जोडलेलं चित्र मोठं करून पाहिलं. अक्षरांच्या कडा डावीकडून वर उजळल्यात, जाडी डावीकडेच खाली गेलीय आणि जमिनीवरची सावली उजवीकडे पडलीय. म्हणजे एका लोगोत दोन-तीन सूर्य. इफेक्ट एकेकटे चांगले आहेत, पण त्यांचं आपसात पटत नाही.

शाळेत असताना सुट्टीत मी एका बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरकडे ब्रश धुवायला जायचो. ते आधी सपाट अक्षर पूर्ण रंगवायचे, वाळू द्यायचे आणि मग सगळ्या बोर्डावर एकाच बाजूला शेड मारायचे. उजवीकडे आणि खाली म्हटलं की शेवटच्या वेलांटीपर्यंत तीच बाजू. नवशिके शिरोरेखेच्या खालची शेड विसरायचे, आणि तेवढ्यानेच बोर्ड कच्चा दिसायचा. तुझ्याही चित्रात नेमकी तीच राहिलीय. तेव्हा उजेड वरून-डावीकडून, जाडी आणि सावली उजवीकडे-खाली, एवढं कागदावर लिहून ठेव. खालून उजेड दिलास तर अक्षरं उठण्याऐवजी आत दाबल्यासारखी दिसतील, कारण उजेड वरूनच येतो असं आपला मेंदू धरून चालतो.

आता आकार. तो गिंपमध्ये टाइप करू नकोस, इंकस्केप या रेषांवर चालणाऱ्या चित्रकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये कर. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या गटाच्या 'मोदक' किंवा 'बलू' यांसारखा जाड फॉन्ट घे, दोन्ही फुकट आहेत. 'ऑब्जेक्ट टू पाथ' केलंस, म्हणजे मजकुराचे नुसते आकार केलेस, की एक गंमत दिसेल: बऱ्याच देवनागरी फॉन्टमध्ये शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेखा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात. स्क्रीनवर काळ्या रंगात कळत नाही, पण कडेला चकाकी दिली की प्रत्येक जोडावर चीर उमटते. त्यावर उपाय म्हणजे सगळी अक्षरं सुटी करून निवडायची आणि 'युनियन' देऊन त्यांचा एकच आकार करायचा. 'खमंग'ची शिरोरेखा एकसंध पट्टी झाली पाहिजे. मग एसव्हीजी (कितीही मोठी केली तरी न फाटणारी रेषांची फाइल) सेव्ह कर आणि गिंपमध्ये उघडताना रुंदी ३००० पिक्सेल दे. हे आधीच कर. मी एकदा ६०० पिक्सेलचा सोनेरी लोगो देऊन मोकळा झालो होतो. गिऱ्हाइकाने तो बारा फुटी फ्लेक्सवर ताणला, आणि उद्घाटनाच्या दिवशी अक्षरांच्या कडेला जिने दिसत होते.

गिंपमध्ये आल्यावर पहिलं काम 'इमेज'मधल्या 'प्रिसिजन'मध्ये जाऊन १६ बिट करणं. व्हिडिओवाले हे सहसा सांगत नाहीत. उठाव आपण ब्लर केलेल्या करड्या छटांवरून काढणार आहोत, आणि ८ बिटमध्ये काळ्या-पांढऱ्याच्या मधे मोजक्या २५६ पायऱ्या असतात. त्या चढावर पट्टे-पट्टे दिसतात. तुझ्या 'म'च्या कडेला जे कांद्याच्या पापुद्र्यासारखं दिसतंय ते हेच.

उठाव असा काढ. काळ्या लेअरवर (थरावर) पांढरं 'खमंग', त्याला १२ ते १५ पिक्सेल 'गॉशियन ब्लर', म्हणजे कडा धूसर करणारा फिल्टर. हा झाला उंचीचा नकाशा: पांढरं म्हणजे उंच, काळं म्हणजे खोल. मग अक्षराच्या मूळ लेअरची प्रत काढून ती मध्यम करड्या रंगाने भर आणि तिच्यावर 'बंप मॅप' फिल्टर चालव, नकाशा म्हणून तो ब्लर केलेला लेअर दे. 'ॲझिमथ' १३५ म्हणजे उजेड वरून-डावीकडून, 'एलेव्हेशन' ४५ च्या आसपास. 'डेप्थ' मात्र हळूहळू वाढवत जा. 'कॉम्पेन्सेट'ची खूण राहू दे, नाहीतर सपाट भागाचा करडेपणा बदलतो. या करड्या लेअरचा मोड 'हार्ड लाइट' केला की खालचा रंग तसाच राहून फक्त उजेड-अंधार चढतो. उद्या आईला सोनेरीऐवजी तिखटाचा लाल हवा झाला तर उठाव पुन्हा करायला नको.

ब्लर किती द्यायचा याला माझा एकच हिशेब: अक्षराच्या दांड्याच्या जाडीच्या अर्ध्याहून बराच कमी. दोन्हीकडचे चढ मध्यावर भेटले की माथ्याची सपाटी संपते आणि अक्षर फुगलेल्या पुरीसारखं दिसतं. देवनागरीत आणखी एक भानगड आहे. दांडा जाड, पण 'म'ची गाठ आणि 'ख'मधली पोकळी बारीक. दांड्याला शोभणारा उठाव त्या पोकळीत मावत नाही. अशा ठिकाणी मी इंकस्केपमध्ये परत जाऊन पोकळी हाताने थोडी मोठी करतो. अनुस्वार तर हमखास मोत्यासारखा गोल होतो आणि बाकी अक्षरांशी फटकून राहतो. त्याच्यापुरता ब्लर कमी दे, म्हणजे त्याचाही माथा सपाट राहील.

जाडीसाठी गिंपमध्ये 'लॉन्ग शॅडो' आहे. अक्षराच्या वेगळ्या प्रतीवर चालव, प्रकार 'फायनाइट', दिशा उजवीकडे-खाली, लांबी ६० ते ८० पिक्सेल. इथेच स्टिकर होतो, कारण अख्खी जाडी एका रंगाची राहते. खऱ्या ठोकळ्यात उजवी बाजू थोडी अंधारी आणि खालची त्याहून अंधारी असते. 'अल्फा लॉक' करून, म्हणजे रंग आकाराबाहेर जाणार नाही असं करून, शिरोरेखेच्या आणि अक्षरांच्या तळाच्या बाजू मोठ्या ब्रशने एक छटा गडद कर. दहा मिनिटांचं काम आहे, पण फरक सगळ्यात जास्त याचाच पडतो.

जमिनीवरची सावली काळी नको, पार्श्वभूमीच्याच रंगाची गडद छटा घे. एक छोटी, ठळक, अक्षराला चिकटलेली आणि एक मोठी, फिकट. बास.

सोनं पिवळ्या रंगाने होत नाही, फिकट आणि गडद अगदी शेजारी आले की होतं. मधाच्या रंगापासून जवळजवळ तपकिरीपर्यंत जा आणि मधे एक जवळपास पांढरी रेघ ठेव. स्क्रीनवरचं झगझगीत पिवळं छपाईत मळकट येतं, म्हणून पाकिटासाठी आधी एक नमुना छापून घे.

इथे कुणीतरी फोटोशॉप सुचवलंय. तिथे 'बेव्हल अँड एम्बॉस' हा उठावाचा इफेक्ट सोपा पडतो, फक्त सगळ्या इफेक्टमध्ये 'यूज ग्लोबल लाइट' (सगळ्यांना उजेडाची एकच दिशा) चालू हवं. पण थ्रीडी मेनूचे जुने व्हिडिओ बघत बसू नकोस. ऑगस्ट २०२१ च्या २२.५ आवृत्तीपासून फोटोशॉप बनवणाऱ्या अडोबीने ती सोय काढायला घेतली.

आणि सपाट, एकरंगी 'खमंग' वेगळं जपून ठेव. रबरी शिक्क्यावर, बिलावर, टोपीवरच्या भरतकामात सोनं चालत नाही. गूगलचं उदाहरण बघ: १९९८ मध्ये सर्गेई ब्रिनने त्यांचा सुरुवातीचा लोगो गिंपमध्येच केला होता, उठाव-सावलीसकट, आणि २०१३ पर्यंत त्यांनी ते सगळं उतरवून सपाट केलं. मसाल्याच्या पाकिटावर मात्र मला अजून उठावाचं अक्षरच आवडतं, दुकानाच्या फळीवर ते लांबून ओळखू येतं.

पुढची प्रत इथे टाकशील तेव्हा सोबत १०० पिक्सेल रुंदीचीही टाक. 'ख'चा खालचा जोड जाडीच्या रंगात बुडाला तर व्हॉट्सॲपच्या डीपीत लोक 'रवमंग' वाचतील, आणि तुझ्या आत्ताच्या चित्रात तो अर्धा बुडालेलाच आहे.