चिकन अँड डम्पलिंग्ज: खळ का झाली आणि पुढच्या वेळी काय करायचं

चिकन अँड डम्पलिंग्ज, म्हणजे कोंबडीच्या पाण्यात शिजवलेले मैद्याचे गोळे किंवा पट्ट्या, करताना दोन वाट्या मैद्याला चार चमचे बेकिंग पावडर घातली, चमच्याने गोळे सोडले, खाली लागेल म्हणून ढवळत राहिलात आणि शेवटी सगळ्याची खळ झाली, असं तुम्ही लिहिलंय. यात दोन पद्धतींची सरमिसळ झालीय. चमच्याने सोडायची डम्पलिंग्ज झाकणाखाली वाफेवर फुगतात, त्यांना मधे हात लावायचा नसतो. तुम्हाला हवीत ती अमेरिकेच्या दक्षिणेकडची लाटलेली, चपटी. नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व भागात या पदार्थाला 'चिकन अँड पेस्ट्री' म्हणतात. मी जॉर्जियात असताना शेजारच्या आजींच्या ओट्यापाशी उभी राहून हे शिकले. त्यांनी पहिली पट्टी पातेल्यात सोडली तेव्हा मला थेट आईची वरणफळं आठवली. तुम्हीही तीच डोळ्यांसमोर ठेवा, फक्त वरणाच्या जागी कोंबडीचं पाणी.

आणि खरा जीव त्या पाण्यातच आहे. तिकडे अंडी द्यायची थांबलेली म्हातारी कोंबडी यासाठी वापरत, कारण ती तासन् तास शिजते आणि पाण्यात उतरते. आपल्याकडे गावठी कोंबडी मिळाली तर सोनंच. ब्रॉयलर घेणार असाल तर दीड किलोची, हाडांसकट आणि कातडीसकट मागा. आपले दुकानदार न विचारता कातडी काढतात आणि सगळी चरबी तिच्याबरोबर जाते. तीन लिटर गार पाण्यात कोंबडी, एक कांदा, एक गाजर, सेलरीच्या दोन दांड्या आणि मीठ घालून मंद आचेवर ठेवा. वर येणारी मळी काढत राहा. ब्रॉयलरला तासभर पुरतो, गावठीला अडीच-तीन तास लागतात. आपलं तमालपत्र घालू नका. त्यांचं बे लीफ वेगळ्या झाडाचं असतं, आपल्या पानाला दालचिनीचा वास येतो. कोल्हापूरकडच्या वाचकांना सांगायचं तर हे अळणी पाणीच, फक्त हळदीशिवाय. मांस सोडवून बाजूला ठेवा आणि पाणी गाळून घ्या. चाखल्यावर नुसतंच प्यावंसं वाटलं नाही, तर आणखी आटवा.

आता पीठ. दक्षिणेत मऊ गव्हाचा, कमी प्रथिनांचा मैदा वापरतात. टेनेसीतल्या नॉक्सव्हिलला १८८३ साली सुरू झालेल्या 'व्हाइट लिली' या ब्रँडच्या मैद्यावर तिथल्या आज्यांचा अजून जीव आहे. आपला मैदा चालतो, पण मळायचा नाही. २५० ग्रॅम मैदा, अर्धा चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा आणि पाऊण चमचा मीठ एकत्र करा. त्यात ४५ ग्रॅम गार लोणी बोटांनी चोळा. शंकरपाळ्यांसारखं कडकडीत मोहन इथे नको. मग पाऊण कप ताक घाला, पण आपलं पातळ ताक नव्हे. त्यांचं बटरमिल्क दाट असतं, म्हणून दही थोड्या पाण्यात घुसळून घ्या. गोळा जमला की थांबा. जास्त मळलंत तर फळं चिवट होतात. अर्धा तास झाकून ठेवा.

भरपूर मैदा भुरभुरून तीन मिलिमीटर जाडीची पोळी लाटा आणि कातण्याने दोन बोटं रुंद पट्ट्या कापा. वरचा मैदा झटकू नका, त्यानेच रस्सा दाट होतो.

पाणी उकळू लागलं की पट्ट्या एकेक करून सोडा. कोमट पाण्यात सोडल्या तर पीठ शिजायच्या आधीच सुटतं. सगळ्या पडल्या की आच कमी करा. आणि ढवळू नका! चिकटतील असं वाटलं तर दोन्ही कान धरून पातेलं हलवा. पंधरा-वीस मिनिटांत होतात. एक फळ कापून बघा, आत पांढरं पीठ दिसायला नको. मग मांस आणि भरपूर ताजी काळी मिरी घालून दहा मिनिटं मुरू द्या.

फोडणी, आलं-लसूण, गरम मसाला घालायचा मोह होईल. पहिल्यांदा तरी आवरा. या पदार्थाची चव कोंबडी, लोणी आणि मिरी एवढ्यावरच उभी आहे. मसाला पडला की तिचा पत्ताच लागत नाही.

उरलं तर दुसऱ्या दिवशी वरणफळांसारखंच घट्ट होईल. म्हणून गाळलेल्या पाण्यातलं दोन वाट्या आधीच काढून फ्रिजमध्ये ठेवा आणि गरम करताना तेच घाला.