जळगावात मेहरूणच्या झाडीत दोन ‘ससाणे’ ओरडत एकमेकांमागे लागलेत, भांडण आहे का?

भांडण नाही, जोडी जमतेय. आणि वर्णनावरून ते ससाणे नसून शिक्रे, म्हणजे छोटे शिकारी पक्षी, वाटतात. जळगावात कडुनिंबाची जुनी झाडं जिथे आहेत तिथे शिक्रा दिसतोच. मार्च ते जून हा त्यांचा विणीचा काळ, म्हणजे आपण उन्हानं घरात बसतो तेव्हा त्यांची लगीनघाई.

दुर्बिणीतून डोळे बघा. नराचे लालभडक, पाठ राखाडी. मादीचे पिवळे-नारिंगी, पाठ जरा तपकिरी, आणि अंगानं ती नरापेक्षा मोठी. गेल्या एप्रिलमध्ये मी सकाळी सातला बाकावर बसलो होतो. नर पायात सरडा घेऊन आला, मादी फांदीवर पिल्लासारखी ओरडत होती. त्यानं सरडा दिला, तिनं पंख पसरून झाकला आणि शेपटीकडून सोलायला घेतला. असा घास देणं चालू झालं की घरटं जवळपासच समजा: दोन फांद्यांच्या बेचक्यात काटक्यांचा ढिसाळ ढीग, कावळ्याच्या घरट्यासारखाच.

एक मात्र, शिक्र्याच्या नुसत्या ‘टी-टुई’ आवाजावर जाऊ नका. कोतवाल पक्षी हुबेहूब नक्कल करतो, मीही दोनदा फसलोय. पावशा हा पक्षीही लांबून शिक्र्यासारखाच दिसतो.

घरटं सापडलं तर झाडाखाली घुटमळू नका, फोटोसाठी फांद्या तर मुळीच हलवू नका. मादी उठली की कावळे टपलेलेच असतात.