कर्ज काढून व्हॉर्टन, की साहाय्यासह प्रिन्स्टन?

प्रश्न : माझ्या मुलीला पदवी शिक्षणासाठी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हॉर्टन स्कूलमध्ये आणि प्रिन्स्टन विद्यापीठात, अशा दोन्ही ठिकाणी प्रवेश मिळाला आहे. आर्थिक साहाय्य मागितल्यास प्रवेशाची शक्यता घटते, असे कानावर आल्यामुळे व्हॉर्टनच्या अर्जात आम्ही ते मागितले नाही. प्रिन्स्टनकडे मागितले आणि ते मिळालेही. तिला ‘फायनान्स’मध्येच काम करायचे असून त्यासाठी व्हॉर्टनच हवे, असा तिचा हट्ट आहे. मोठे कर्ज काढून तो पुरवावा का? – एक पालक

उत्तर : आपण ऐकलेत ते निराधार नाही. परदेशी विद्यार्थ्यांना प्रवेश देताना पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ त्यांची आर्थिक गरज विचारात घेते, तर प्रिन्स्टन ती पाहत नाही. शिवाय २००१ पासून प्रिन्स्टन आपल्या साहाय्यात कर्जाऐवजी अनुदानच देते. त्यामुळे आपल्यापुढचा पेच दोन नावांचा दिसत असला, तरी प्रत्यक्षात तो एका नावाचा आणि एका कर्जाचा आहे.

मुलीला आधी एवढेच विचारावे, की फायनान्स म्हणजे तिला नेमके कोणते काम अभिप्रेत आहे. कंपन्यांची विलीनीकरणे आणि भागविक्री हाताळणाऱ्या गुंतवणूक बँकेत मुलाखतीला हमखास येणारा प्रश्न असा : घसारा, म्हणजे यंत्रे-इमारतींच्या झिजेपोटी हिशेबात धरलेला खर्च, १० लाख डॉलरने वाढला, तर नफा-तोटा पत्रक, ताळेबंद आणि रोकड प्रवाह पत्रक या तिन्हींत काय बदलेल? कर २५ टक्के धरला, तर निव्वळ नफा ७.५ लाखांनी घटतो. पण घसाऱ्यापोटी पैसा प्रत्यक्ष बाहेर जात नसल्यामुळे वाचलेल्या कराइतकी, म्हणजे २.५ लाखांची, रोकड उलट वाढते. याउलट, गणिती पद्धतीने व्यवहार करणाऱ्या संस्थेत विचारतील : फासा टाका, जितके ठिपके तितके डॉलर मिळतील, आकडा नापसंत असल्यास एकदाच पुन्हा टाकता येईल, तर या खेळाची रास्त किंमत किती? एका फेकीची सरासरी ३.५ असल्यामुळे ४, ५ किंवा ६ आल्यास थांबावे, अन्यथा पुन्हा टाकावे. निम्म्या वेळा सरासरी ५ आणि निम्म्या वेळा ३.५ मिळत असल्यामुळे उत्तर ४.२५ येते. पहिला प्रश्न आवडणारी आणि दुसरा आवडणारी मुलगी बहुधा वेगळ्या असतात.

पहिल्या वाटेसाठी व्हॉर्टन उत्तमच आहे. १८८१ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत हिशेबशास्त्र आणि कंपनीचे मूल्यांकन पदवीपासूनच शिकवले जाते (पदवीवर मात्र ‘अर्थशास्त्र’ असेच छापलेले असते, ही त्यातली गंमत). प्रिन्स्टनमध्ये व्यवस्थापनाची शाळाच नाही. तरीही बँकांच्या भाषेत ज्यांना ‘टार्गेट स्कूल’ म्हणतात, म्हणजे जिथे त्या स्वतःहून भरतीला येतात, त्यांत तेही आहेच. दुसऱ्या वाटेसाठी तर तिथला ‘ऑपरेशन्स रिसर्च अँड फायनान्शियल इंजिनिअरिंग’ हा विभाग मला अधिक सरस वाटतो. जिम सायमन्स या गणितज्ञाने १९८२ मध्ये गणिती पद्धतीने गुंतवणूक करणारी रेनेसाँ टेक्नॉलॉजीज ही संस्था सुरू केली, तेव्हापासून अशा संस्थांनी गणिती आणि भौतिकशास्त्रज्ञ मुद्दाम शोधून घेतले आहेत.

नाव कोणतेही असो, खरी शर्यत दुसऱ्या वर्षातच लागते. तिसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यातील इंटर्नशिपसाठी मोठ्या बँका वर्षभर आधी निवड करतात आणि कायम नोकऱ्यांचे प्रस्ताव बरेचसे त्याच इंटर्नना देतात. व्हॉर्टनमधील काही विद्यार्थी-मंडळांत शिरण्यासाठीसुद्धा मुलाखत द्यावी लागते. मला हा प्रकार अजब वाटतो, पण तयारीचे वातावरण त्यातूनच तयार होते, हे मान्य करायला हवे. प्रिन्स्टनमध्ये हीच तयारी अधिक प्रमाणात स्वतःच्या हिमतीवर करावी लागेल.

कर्जाचा विचार करताना आणखी एक गोष्ट पाहावी. पदवीनंतर अमेरिकेत विद्यार्थी-व्हिसावर १२ महिने काम करता येते आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीतील विषय असल्यास आणखी २४ महिने मिळू शकतात. प्रिन्स्टनच्या त्या विभागातील अभियांत्रिकीच्या पदवीला ही सवलत लागू होते. व्हॉर्टनमध्ये मात्र विषयाचा सरकारी वर्गीकरण-क्रमांक आधी विचारून घ्यावा, कारण कर्ज डोक्यावर असताना एक वर्ष आणि तीन वर्षे यांतला फरक फार मोठा असतो.

माझा कौल प्रिन्स्टनला आहे. मुलीला गुंतवणूक बँकेतच जायचे असेल आणि ते कर्ज तिच्या पगारावर विसंबून न राहता आपल्याला फेडता येत असेल, तरच मी तो बदलेन.

प्रश्न : लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेल्यास बँकांच्या भरतीचे हेच वेळापत्रक लागू पडते का? – एक विद्यार्थी

उत्तर : नाही, तिथे घाई आणखी लवकर सुरू होते. इंग्लंडमध्ये पदवी बहुधा तीन वर्षांची असल्यामुळे बँका पहिल्याच वर्षी ‘स्प्रिंग वीक’ नावाचा छोटा परिचय-कार्यक्रम घेतात आणि त्याचे अर्ज पहिल्या सत्रातच भरावे लागतात. तेव्हा आपला बायोडेटा विद्यापीठात पाऊल ठेवण्यापूर्वीच तयार असू द्या.