मत्स्यपालकांचे प्रश्न : ओढ्यातलं जिवंत खाद्य

प्रश्न (भोर) : ओढ्याच्या कडेच्या संथ पाण्यातून गाळणीने बारीक जीव काढले. काही टुणटुण उड्या मारतात, काही झपकन पुढे सरकतात, काही तळाशी वळवळतात. गप्पी आणि फायटर माशांना यातलं काय घालावं?

आधी चाल पाहा, रंगरूप नंतर. पांढऱ्या पसरट भांड्यात दोन बोटं पाणी घेऊन त्यात जीव सोडा आणि पाच मिनिटं भांड्याला हात लावू नका.

उडी घेऊन वर जाणारे आणि लगेच थोडे खाली येणारे ते डाफ्निया किंवा मोइना, म्हणजे पाणपिसवा. दहापट मोठं दाखवणारं भिंग लावलं तर अंगातून आरपार दिसतं : एक काळा डोळा, खाल्लेल्या शेवाळाने हिरवं झालेलं आतडं आणि मादीच्या पाठीशी अंडी. मोइना जेमतेम एक मिलिमीटरची असते आणि आपल्याकडचा उकाडा तिला चांगला मानवतो. दोन्ही निर्धास्त घाला.

झटके देत सरळ जाणारा तो सायक्लॉप्स. कपाळावर एकच डोळा, मादीच्या शेपटीच्या दोन बाजूंना अंड्यांच्या दोन पिशव्या. न गाळलेल्या पाण्यातून नारू हा जंताचा रोग पसरवणारा तो हाच; २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. मोठे मासे तो आवडीने खातात, पण नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांच्या टाकीत नको, काही जाती पिल्लांनाच धरतात.

तिळाएवढे, शिंपल्यासारख्या दोन कवचांचे आणि तळाशी घरंगळणारे जीव म्हणजे ऑस्ट्राकॉड. मासे ते तोंडात घेतात आणि थुंकतात. त्रास नाही, उपयोगही फारसा नाही.

इंग्रजी आठचा आकडा काढत पोहणारी लाल अळी म्हणजे ब्लडवर्म, फायटरचं आवडतं खाणं. काहींना तिची ॲलर्जी होते. हाताला खाज सुटत असेल तर चिमटा वापरा. डासांच्या अळ्याही उत्तम, मात्र एका वेळी खाऊन संपतील एवढ्याच घाला. स्वल्पविरामासारखे वाकडे कोष दिसले तर ते आधी खाऊ घाला, कारण त्यांतून दोनेक दिवसांत डास बाहेर पडतात. उरलेलं भांडं जाळीने झाका.

काढून टाकायचे तीन : चतुर-टाचणीची पिल्लं, कोयत्यासारख्या जबड्यांची पाणभुंग्याची अळी आणि जळू. चतुराचं पिल्लू दुमडलेला खालचा ओठ झटक्यात पुढे फेकून लहान गप्पी सहज पकडतं.

प्रश्न (सावंतवाडी) : वहाळातल्या (ओढ्यातल्या) दगडांखाली तीन शेपट्यांच्या चपट्या अळ्या मिळतात. बादलीत रात्रभरात मरतात. का?

पोटाच्या दोन्ही कडांना पानासारखे कल्ले हलताना दिसत असतील तर ती मेफ्लाय या उडणाऱ्या किड्याची पिल्लं. खळाळत्या पाण्यात राहणाऱ्या जातींना सतत ताजा प्राणवायू लागतो. साचलेलं पाणी तापतं, प्राणवायू घटतो आणि त्या गुदमरतात. एअर पंपाने थोडा वेळ तग धरतील, घरी वाढवणं मात्र सोडून द्या. शिवाय दगड उलटेपालटे करून वहाळाचा तळ उद्ध्वस्त होतो तो वेगळाच. खाद्यासाठी कडेचं संथ डबकं पुरे. अभयारण्याच्या हद्दीतून परवानगीशिवाय काहीही उचलू नका. आणि पावसाळ्यात पायाला जखम असेल तर पाण्यात उतरूच नका, कोकणात लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका खरा आहे.

प्रश्न (ठाणे) : २० लिटरच्या टबात मोइना वाढवली. आठवडाभर छान वाढली, मग लालसर झाली आणि एका रात्रीत मेली. यीस्ट रोज एक चमचा घालत होतो.

चमचाभर यीस्ट म्हणजे सुमारे तीन ग्रॅम. एवढ्या पाण्याला सुरुवातीला अर्धा ग्रॅम, म्हणजे मोठी चिमूट, पुरते. जादा यीस्ट कुजतं, जिवाणू वाढतात आणि प्राणवायू संपतो. प्राणवायू कमी पडला की मोइना अंगात हिमोग्लोबिन वाढवते, म्हणून ती लाल दिसते. तो रंग धोक्याची सूचना होता. त्याच दिवशी खाणं बंद करून निम्मं पाणी बदलायला हवं होतं.

पुन्हा लावताना उंच बादलीऐवजी पसरट टब घ्या. नळाचं पाणी २४ तास उघडं ठेवा, किंवा दुकानात मिळणारं क्लोरीन घालवणारं औषध वापरा. क्लोरीन आणि तांबं मोइनाला अजिबात सोसत नाही. यीस्ट कोमट पाण्यात विरघळवून घाला. पाणी किंचित दुधी दिसावं आणि पुन्हा निवळल्यावरच पुढची चिमूट. टाकीतलं हिरवं पाणी मिळालं तर यीस्टपेक्षा सरस. हवा द्यायची तर एअरस्टोन (बारीक बुडबुडे काढणारा सच्छिद्र दगड) काढून नुसत्या नळीने मोठे बुडबुडे सोडा; बारीक बुडबुडे कवचात अडकतात आणि मोइना पृष्ठभागावर तरंगत राहते. रोज पाव हिश्श्याहून जास्त काढू नका. दुसरा लहान टब हाताशी असू द्या. एका टबातली मोइना मेली तरी बियाणं राहतं.

प्रश्न (नाशिक) : ओढ्यातली वनस्पती टाकीत लावल्यावर काचेवर धाग्यासारखे हातवाले जीव आले.

हायड्रा. मोठ्या माशांना काही होत नाही, पण पिल्लांना दंश करून खातो. चिरडू नका, तुकड्यांतून नवे हायड्रे तयार होतात. खाणं कमी करा. निळा गुरामी मासा हायड्रा खातो.

प्रश्न (कराड) : आणलेले जीव स्वच्छ धुतले की रोगाची भीती संपते का?

नाही. धुतल्याने चिखल जातो. सायक्लॉप्सच्या पोटात माशांच्या आतड्यातल्या कॅमलॅनस जंताच्या अळ्या असू शकतात, त्या धुऊन कशा जातील? हा जंत लागला की माशाच्या गुदद्वारातून लाल धागे लोंबतात. म्हणून मासे नसलेल्या डबक्यातूनच जीव घ्या. शेताच्या खालच्या अंगाला, विशेषतः फवारणीनंतर, जाऊ नका. गटाराच्या चिखलातले ट्युबिफेक्स (बारीक लाल किडे) तर नकोच. ओढ्यातून एकदाच बियाणं आणा, ते निवडून वेगळ्या टबात वाढवा आणि टाकीत त्याची पिलावळच घाला.